गूळ दिला की बुरशी काम का थांबवते?

ऊसतोड आटोपली की सांगलीकडून मामांचा फोन येतो. यंदाही आला.

"अगं, ट्रायकोडर्माचं पाकीट आणलंय. ड्रममध्ये पाणी, त्यात गूळ, त्यात हे पाकीट, असं दोन-तीन दिवस ठेवतोय. म्हटलं पाचटावर ओतताना वरून आणखी पाच किलो गूळ सोडावा. बुरशीला ताकद येईल, पाचट लवकर कुजेल. बरोबर ना?"

"मामा, ड्रममध्ये गूळ घाला. पाचटावर नको."

"का गं?"

"पंक्तीतून उठलेल्या माणसाच्या हातात कुऱ्हाड दिली तर तो लाकडं फोडेल का?"

मामा हसले, त्यांना पटलं, फोन ठेवला. मला मात्र रुखरुख लागली, कारण उत्तर अर्धवट होतं. जेवून उठलेला माणूस आळसावतो. बुरशीला आळस नसतो, पोटही नसतं. समोर साखर आली की ती पाचट फोडायचं थांबवते, आणि हा निर्णय होतो डीएनएवरच्या जेमतेम सहा अक्षरांच्या जागांवर. तिथे कोण येऊन बसतं यावर सगळं ठरतं. ते नीट सांगायचं राहिलं, म्हणून हा लेख.

आधी पाचटाचं बघू. त्याचा मोठा हिस्सा म्हणजे सेल्युलोज: हजारो ग्लुकोज एकापुढे एक जोडून झालेल्या साखळ्या, आणि त्या साखळ्यांच्या घट्ट मोळ्या. पाण्यात विरघळत नाही, बुरशीच्या पेशीत शिरत नाही. त्यामुळे बुरशीला जेवायच्या आधी अन्न बाहेरच पचवावं लागतं. ती एन्झाइमं तयार करून अंगाबाहेर सोडते. एक एन्झाइम साखळी मधेच कापतं. दुसरं साखळीचं टोक पकडून, तिच्यावरून सरकत, दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे पाडतं. या जोडीला सेलोबायोज म्हणतात. तिसरं त्या जोडीचे दोन सुटे ग्लुकोज करतं, आणि मग घास आत जातो.

हा खर्चिक मामला आहे. एन्झाइम म्हणजे प्रथिन, प्रथिनाला नायट्रोजन लागतो, ऊर्जा लागते. शिवाय बाहेर सोडलेला माल परत येत नाही, शेजारचा जिवाणू फुकटात साखर चाटून जातो. म्हणून आयती साखर असताना एन्झाइमचा कारखाना चालू ठेवणारी बुरशी लाखो वर्षांच्या शर्यतीत मागेच पडली असणार.

या विषयात सगळ्यात जास्त अभ्यासलेली बुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा रीसी. मामांच्या पाकिटात असते ती तिची भाऊबंद, सहसा व्हिरिडी किंवा हार्झियानम. रीसीची गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे कुजून जात होते. कुजलेल्या कापडावरून बुरशा गोळा केल्या गेल्या. त्यातली एक, क्यूएम6ए नावाची, कापूस खाण्यात इतकी पटाईत निघाली की सैन्याच्या मॅसॅच्युसेट्समधल्या नेटिक इथल्या प्रयोगशाळेत एल्विन रीस आणि मेरी मँडल्स यांनी वर्षानुवर्षं तिच्यावर काम केलं. सुरुवातीला तिलाही व्हिरिडीच म्हणत. 1977 मध्ये ती वेगळी प्रजाती ठरली आणि रीस यांचं नाव तिला मिळालं. आज जगभर उद्योगात वापरले जाणारे रीसीचे वाण या एका नमुन्याचे वंशज आहेत. तंबू वाचवायला पकडलेला चोर पुढे कारखान्यात कामाला लागला, असंच म्हणायचं.

आता डीएनएकडे. जनुक म्हणजे एखादं प्रथिन कसं बनवायचं याचा मजकूर, चार अक्षरांत लिहिलेला: ए, टी, जी, सी. मजकूर असला म्हणून तो वाचला जातोच असं नाही. जनुकाच्या आधी काहीशे ते हजारभर अक्षरांचा एक पट्टा असतो, त्याला प्रमोटर म्हणतात. त्यातून प्रथिन बनत नाही. तो पट्टा म्हणजे पाटाचं तोंड.

उसाला पाणी पाजताना दारं धरणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. पाटात पाणी आहे, सऱ्या तयार आहेत. कोणत्या सरीत पाणी जाईल हे मात्र बांधाशी फावडं घेऊन उभा असलेला माणूस ठरवतो. इथे पाण्याच्या जागी आहे आरएनए पॉलिमरेज, म्हणजे जनुकाची नक्कल काढणारं यंत्र. दारं धरणाऱ्यांना म्हणतात ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. ही स्वतः प्रथिनंच. प्रमोटरवरची ठरावीक अक्षरं ओळखून ती तिथे बसतात, आणि एक तर नक्कल यंत्राला बोलावून घेतात, नाही तर त्याची वाट अडवतात. ही उपमा एका जागी लंगडी पडते: हा माणूस तिथे तासन् तास उभा नसतो. प्रथिन येतं, बसतं, सुटतं, पुन्हा येतं. किती वेळा आणि किती वेळ बसतं, त्यावर नकला किती निघणार ते ठरतं. त्यामुळे हा दिव्याच्या बटणासारखा चालू-बंद व्यवहार नाही, पाणी कमी-जास्त सोडण्यासारखा आहे.

रीसीत सेल्युलोज फोडणाऱ्या एन्झाइमांचं मुख्य दार उघडतो तो एक्सवायआर1. आपण त्याला सरळ झायर म्हणू. 2006 मध्ये दाखवलं गेलं की याचं जनुक काढून टाकलं तर बुरशी सेल्युलोज आणि झायलन (पाचटातलीच दुसऱ्या साखरेची साखळी) दोन्ही फोडणारी एन्झाइमं बनवायचं जवळपास विसरते. झायर ज्या कुळातला आहे ते कुळ जवळपास फक्त बुरशांमध्येच सापडतं. या प्रथिनांच्या एका टोकाला सिस्टीन नावाची सहा अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी, जस्ताचे दोन अणू धरून ठेवतात. जस्तामुळे त्या भागाला पक्का आकार येतो. तो आकार डीएनएच्या पिळाच्या रुंद खोबणीत जाऊन बसतो.

पुष्कळांचा एक गैरसमज असतो की अक्षरं वाचायला डीएनएचे दोन धागे उकलावे लागतात. लागत नाहीत. अक्षरांच्या जोड्यांच्या कडा खोबणीतून बाहेर डोकावत असतात, आणि प्रत्येक जोडीच्या कडेवर हायड्रोजन बंध बांधायच्या जागांची मांडणी वेगळी असते. झायर बोटांनी चाचपडल्यासारखा त्या कडा वाचतो. त्याचा आवडता शब्द जीजीसीटीएए. समोरच्या धाग्यावरून उलट दिशेने वाचलं तर तोच शब्द टीटीएजीसीसी असा दिसतो.

इथे जरा हिशेब करू, कारण मला या विषयातली खरी गंमत इथेच वाटते. चार अक्षरांतून सहा अक्षरी शब्द बनतात 4,096. म्हणजे डीएनए निव्वळ योगायोगाने लिहिलेला असता तर एका धाग्यावर दर 4,096 अक्षरांमागे एकदा जीजीसीटीएए आलं असतं. दोन्ही धागे धरले तर दर 2,048 मागे एकदा. 2008 मध्ये रीसीचा पूर्ण जीनोम, म्हणजे तिच्या सगळ्या डीएनएचा मजकूर, प्रसिद्ध झाला. तो आहे सुमारे 3 कोटी 40 लाख अक्षरांचा. भागाकार करा: साधारण 16 हजार जागा. जनुकं आहेत नऊ हजारांच्या आसपास. मग झायर त्या 16 हजार जागी जाऊन प्रत्येक जनुकाचं दार का उघडत नाही?

एक कारण, नुसता शब्द पुरत नाही, शेजार लागतो. झायलन फोडणाऱ्या एका जनुकाच्या प्रमोटरवर हा शब्द दोनदा, एकमेकांकडे तोंड करून, मधे दहा अक्षरांचं अंतर ठेवून आला आहे. पिळाचा एक फेरा साधारण साडेदहा अक्षरांचा असतो, म्हणजे फेराभर अंतर. दुसरं कारण, डीएनए मोकळा पडलेला नसतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गुंडाळ्यांवर लपेटलेला असतो. शब्द गुंडाळीच्या आत दबला असेल तर तो असून नसल्यासारखा. सेल्युलेजच्या, म्हणजे सेल्युलोज फोडणाऱ्या एन्झाइमांच्या, प्रमोटरवर, बुरशीला सेल्युलोजची चाहूल लागली की या गुंडाळ्या हलतात आणि जागा उघड्या पडतात. सातबारावर विहीर आहे, पण तिच्यावर झुडपं माजलीत, तशातली गत. आधी झुडपं तोडा, मग पाणी.

आता मामांच्या गुळाकडे. दार उघडणाऱ्याइतकाच दार बंद करणारा तगडा आहे. त्याचं नाव सीआरई1, म्हणजे आपला क्रे. यीस्टमध्ये याच घराण्यातलं एमआयजी1 आहे, ॲस्परजिलस बुरशीत क्रे-ए आहे, काम एकच: ग्लुकोज आलं की बाकीच्या शिध्याची सोय करणारी जनुकं गप्प करायची. क्रेचा शब्दही सहा अक्षरीच, पण ढिला. पहिलं अक्षर जी किंवा सी, दुसरं सी किंवा टी, मग जीजी, मग ए किंवा जी, शेवटी जी. तीन जागी सूट असल्यामुळे हा शब्द, दोन्ही धागे धरले तर, योगायोगानेच दर 256 अक्षरांमागे एकदा सापडतो. हजार अक्षरांच्या कुठल्याही प्रमोटरवर तीन-चार तरी निघतीलच! म्हणून बहुतेक वेळा असे दोन शब्द जवळजवळ असतील तिथेच क्रेचा खरा जोर चालतो.

ग्लुकोज मिळालं की क्रे काही मिनिटांतच केंद्रकात गोळा होतो आणि दोन जागी कुलूप लावतो. सेल्युलेजच्या प्रमोटरवर तर बसतोच, शिवाय झायरच्या स्वतःच्या जनुकाच्या प्रमोटरवरही बसतो. दार बंद, आणि दार उघडणारा माणूसही कामावर येणार नाही याची तजवीज. हे दुहेरी कुलूप लक्षात घेतलं की मामांचं गणित सुटतं. ड्रममध्ये गूळ घातला तर बुरशी वाढते, तिची संख्या वाढते. तिथे एन्झाइमची गरजच नाही. पाचटावर मात्र वरून आयती साखर ओतली तर ती संपेपर्यंत क्रे ठाण मांडून बसणार. साखर संपली की तो उठतो, काम सुरू होतं. म्हणजे पाच किलो गुळाने नुकसान कायमचं नाही, पण ताकद येईल म्हणून घातलेला गूळ त्या काळापुरता सुट्टी मंजूर करतो.

(एक गंमत जाता जाता. गुळात मुख्यतः सुक्रोज असतं आणि रीसीला सुक्रोज फोडणारं एन्झाइमच नाही. तिच्यापुढे गूळ म्हणजे त्यातलं थोडंसं सुटं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, बाकीचा नुसता देखावा.)

पण साखर नाही एवढ्याने दार उघडत नाही. उपाशी बुरशी उगीच एन्झाइमं का सोडेल? समोर सेल्युलोज आहे हे कळायला हवं. आणि सेल्युलोज तर पेशीत शिरतच नाही. बंद दाराबाहेर पाहुणा उभा आहे हे आतल्याला कळणार कसं?

याचा धागा योगायोगाने सापडला. नेटिकच्या प्रयोगशाळेत दिसलं की ग्लुकोजवर वाढवलेली बुरशीही काही वेळा सेल्युलेज बनवते. व्हायला नको होतं. मँडल्स आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा कळलं की करामत ग्लुकोजची नसून त्यातल्या भेसळीची आहे. भेसळ होती सोफोरोज नावाच्या साखरेची. सेलोबायोजसारखीच दोन ग्लुकोजची जोडी, फक्त जोड वेगळ्या जागी. 1962 च्या त्यांच्या शोधनिबंधात सोफोरोज हे सेलोबायोजच्या 2,500 पट प्रभावी असल्याचं नोंदवलं आहे. साखरेच्या पोत्यातला चिमूटभर कचरा शोधून काढणं हे मला त्या काळातलं सगळ्यात देखणं काम वाटतं.

आजची समजूत अशी: बुरशी अगदी थोडी एन्झाइमं कायम सोडत असते, टेहळणीवर पाठवलेल्या हेरांसारखी. त्यांना सेल्युलोज भेटलं तर सेलोबायोजचे तुकडे सुटतात. तिसऱ्या क्रमांकाचं एन्झाइम, जे एरवी जोडी फोडतं, ते कधीकधी जोड बदलून सोफोरोज बनवतं. हा निरोप आत पोहोचला की झायर नव्याने तयार होऊन केंद्रकात जमतो. मग एन्झाइमांचा लोंढा येतो. टोकाकडून जोड्या पाडणारं एक एन्झाइम, सीबीएच1, एकटंच बुरशीने बाहेर सोडलेल्या प्रथिनाच्या जवळपास निम्मं भरतं. सोफोरोज महाग, म्हणून कारखाने पुष्कळदा दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज वापरतात. चीज करताना उरलेल्या पाण्यात ती स्वस्तात मिळते आणि बुरशी तिलाही भुलते.

प्रथिन अमुक सहा अक्षरांवरच बसतं, हे कुणी डोळ्यांनी पाहिलं? एका साध्या प्रयोगात जवळजवळ तसंच दिसतं. प्रमोटरचा चाळीसेक अक्षरांचा तुकडा घ्यायचा, त्याला चमकणारा रंग जोडायचा. एका नळीत नुसता तुकडा, दुसरीत तुकडा आणि झायर. दोन्ही नमुने जेलच्या पातळ वडीत शेजारी शेजारी भरायचे आणि वीज सोडायची. डीएनए ऋणभारित, त्यामुळे तो धन टोकाकडे पळतो. सुटा तुकडा पार खाली जातो. झायरचं ओझं घेतलेला तुकडा वरच अडकतो. फोटोत पहिल्या रांगेत एकच पट्टा खाली, दुसऱ्या रांगेत आणखी एक पट्टा वर. आता तिसरी नळी: तोच तुकडा, फक्त जीजीसीटीएए मधली एक-दोन अक्षरं बदललेली. वरचा पट्टा गायब. चाळीसातली दोन अक्षरं बदलली आणि प्रथिनाने ओळख दाखवली नाही. अर्थात नळीत बसलं म्हणून जिवंत पेशीतही बसेलच असं नाही. त्यासाठी पेशीतच फॉर्मल्डिहाइडने प्रथिन आणि डीएनए जागच्या जागी चिकटवतात, मग त्या प्रथिनाला पकडून त्याच्या हाती कोणता डीएनए लागला ते वाचतात.

दाराच्या दुसऱ्या बाजूला किती माल निघतो ते मोजायची पद्धतही मँडल्स यांच्याच प्रयोगशाळेतली, आणि ती अजून चालते. गाळणकागदाची 1 सेंटिमीटर रुंद, 6 सेंटिमीटर लांब, 50 मिलिग्रॅमची पट्टी नळीत गुंडाळून घालायची, बुरशीचं पाणी घालायचं, 50 अंशांवर तासभर ठेवायचं. मग रंगद्रव्य घालून उकळायचं. साखर सुटली असेल तर पिवळ्याचा तांबूस-तपकिरी होतो. जितका गडद, तितकं एन्झाइम जोरकस.

कारखान्यांनी या कुलपाचं काय केलं, तर ते मोडलं. म्हणजे मोडलंय हे ठाऊक नसताना मोडलं. 1970 च्या दशकात अमेरिकेच्या रटगर्स विद्यापीठात क्यूएम6ए च्या वंशातल्या बुरशीवर अतिनील किरण आणि रसायनांचा मारा करून, ग्लुकोजसारखं दिसणारं एक फसवं द्रव्य असतानाही सेल्युलोज फोडत राहणारे वाण निवडले गेले. त्यातून निघाला रट-सी30, आजच्या अनेक औद्योगिक वाणांचा आजोबा. त्याचं गुपित 1996 मध्ये उघड झालं: त्याच्या क्रेच्या जनुकाचा बहुतेक भाग तुटून गेला आहे. ब्रेक निकामी, म्हणून गाडी सुसाट.

बरीच वर्षं सगळे हेच सांगत होते, मीही कॉलेजात हेच लिहून मार्क मिळवले. 2018 मध्ये व्हिएन्नातल्या गटाने दाखवलं की प्रकरण इतकं सरळ नाही. रट-सी30 मध्ये क्रेचा 96 अमिनो आम्लांचा तुकडा शिल्लक आहे, तो अजून केंद्रकात जातो, आणि दार बंद करायच्या ऐवजी उघडायला मदत करतो. क्रे पूर्ण काढून टाकणं आणि क्रेचा हा तुकडा ठेवणं यांत म्हणूनच फरक पडतो. तुटलेला ब्रेक ॲक्सिलरेटर होऊन बसला!

असेच प्रयोग आपल्याकडेही झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगोपयोगी सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथल्या पेनिसिलियम फ्युनिक्युलोसम एनसीआयएम1228 या बुरशीत दिल्लीच्या आयसीजीईबी या जनुक-अभियांत्रिकीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेतल्या संशोधकांनी क्रेच्या भावाचा, एमआयजी1 चा, डीएनए पकडणारा भाग मोडला. सेल्युलेज वाढलं. दुसरी वाट म्हणजे ब्रेकला हात न लावता दार उघडणाऱ्यालाच हट्टी करायचं. झायरमधलं 824 व्या जागेवरचं अलानिन हे अमिनो आम्ल बदलून तिथे व्हॅलिन हे दुसरं आणलं, तर तो निरोप यायची वाट न बघताच कामाला लागतो.

पैसा कुठे आहे हे सांगायलाच हवं. पानिपतला 2022 मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा इंडियन ऑइलचा प्रकल्प सुरू झाला, तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. क्षमता वर्षाला 2 लाख टन पेंढा, 3 कोटी लिटर इथेनॉल. पेंढ्यातून साखर सोडवायला एन्झाइम लागतंच, आणि ते किती स्वस्त पडतं यावर असल्या कारखान्याचा ताळेबंद बराच अवलंबून असतो.

झायर आणि क्रे हे दोघे नायक-खलनायक असल्यासारखं मी लिहिलंय, पण दारावर गर्दी आहे. एसीई1 बंद करायच्या बाजूचा, एसीई2 आणि एसीई3 उघडायच्या बाजूचे. आम्ल-अल्कली बघणारा वेगळा, नायट्रोजन बघणारा वेगळा. एकाच प्रमोटरवर सगळ्यांच्या जागा शेजारी शेजारी, कधी एकमेकांवर चढलेल्या.

नायट्रोजनचं निघालं ते मामांमुळेच. आठवड्याने त्यांचा परत फोन आला.

"गूळ नाही टाकला. मग युरिया पण नको का? तो पण आयताच की."

प्रश्न बिनतोड होता. आयता नायट्रोजन मिळाला की बुरशीतही काही दारं बंद होतात, आणि त्यांचा पहारेकरी जीएटीए ही अक्षरं शोधत फिरतो. पण ती दारं मुख्यतः इतर ठिकाणाहून नायट्रोजन ओरबाडायची. पाचटात साखरेचा डोंगर आणि नायट्रोजन चिमूटभर, आणि एन्झाइम तर प्रथिन.

"युरिया घाला मामा. त्याच्याशिवाय कुऱ्हाडच बनणार नाही."

"आणि उरलेला गूळ?"

"ठेवा. मी येतेय पुढच्या महिन्यात."